काटा

चढण्याआधी त्यांनी माझं वजन केलं.
विमान लहान आहे, काउंटरवरची मुलगी म्हणाली,
सहाच जणांचं, तोल बघावा लागतो.
अडुसष्ट किलो सातशे, पिशवीसकट.
पिशवीत मफलर आणि चार केळी.
मी तिच्या हाताकडेच बघत राहिलो,
सात कसा काढते, टिंब कुठे देते.
एकवीस वर्षं मी हेच केलं,
फक्त माझ्यासमोर माणसं नव्हती, टिपर होते.

भरलेला, वजा रिकामा, निव्वळ.
भरलेला, वजा रिकामा, निव्वळ.
दहा टनांचा परवाना, बाराचा माल,
आणि वहीत नऊ नऊशे.
कुणाच्या सांगण्यावरून, ते आता राहू दे.

तिकीट सुलक्षाने पाठवलं.
ती मस्कतला नर्स आहे, खऱ्या वाळवंटात.
बाबा, एकदा वरून बघा आपला गोवा, म्हणाली.
वजन बघून मला उजव्या खिडकीशी बसवलं.

मोपाहून उठलो तेव्हा पोटात दगड.
कॅप्टन बार्रेटो कानातल्या यंत्रातून बोलत होता:
उजव्यान पळयात, दर्या.
किल्ला. दीपगृह. चर्च, नदीचं मुख.
मागचं जळगावचं नवं जोडपं
माझ्या खांद्यावरून फोन पुढे करत होतं,
मी मान आखडून बसलो, त्यांच्या फोटोत येऊ नये म्हणून.

परतताना विमान आतल्या बाजूने वळलं.
समुद्र पलीकडच्या खिडकीत गेला
आणि सगळ्या माना तिकडे.
कॅप्टनही गप्प झाला.
इथल्या खुणा त्याच्या यादीत नसाव्यात.

लाल.
पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरत गेलेलं लाल,
तळाशी पाणी, हिरवं,
पानाला कधी येत नाही तसलं हिरवं.
अगं, हे बघ, वाळवंट! ती मागून ओरडली.
गोव्यात वाळवंट आहे?

आहे, म्हणावंसं वाटलं. मला नावानिशी पाठ आहे.
ती पाचवी बेंच, तिथे आपा गावसचा टिपर कलंडला.
तो डंप, त्यावर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभळ.
ते सातेरीचं देऊळ, चारी बाजूंनी खणून
मधल्या सुळक्यावर तेवढं राखलेलं.
आत वारूळ आहे, देवी म्हणजे वारूळच,
मुंग्यांनी कण कण आणून रचलेलं.
आम्ही कण कण नेला.

आणि तो, काडेपेटीएवढा,
पत्रे उडालेला, वेलींनी धरलेला, माझा काटा.

खालून कधी दिसलं नव्हतं
गेलेल्या डोंगरालाही आकार असतो.
मी हिशेब मांडायला गेलो:
दिवसाला एकशे चाळीस, पावसाचे चार महिने वजा,
गुणिले एकवीस.
मनातली बेरीज मला कधी चुकत नाही.
आज हातचा कुठे ठेवला तेच आठवेना.
अख्खा डोंगर माझ्या खिडकीसमोरून गेला,
एकेक करून, रांगेत,
आणि प्रत्येकाला मी चलन दिलं.
त्यातल्याच कुठल्या ट्रकावर सुलक्षाची फी होती,
कुठल्या ट्रकावर हिच्या डोळ्याचं ऑपरेशन.

जोडप्याला फोटो हवा म्हणून कॅप्टनने पंख झुकवला.
क्षणभर माझ्या काचेत
नुसता खड्डाच.
मी सीटचा कठडा धरला, डावीकडे सरकलो,
जणू माझ्या अडुसष्ट किलोंनी काही सावरलं असतं.

उतरल्यावर काउंटरशी थांबलो.
आता पुन्हा वजन नाही करत?
ती हसली. उतरल्यावर कशाला, अंकल?
तिच्या कागदावर फक्त भरलेला होता.

परतीच्या बसपुढे डिचोलीपर्यंत एक टिपर,
ताडपत्रीचा एक कोपरा सुटलेला,
आमच्या काचेवर बारीक लाल.
सुलक्षाचा मेसेज: समुद्र कसा दिसला?
निळा, असं लिहिलं.
चढावर त्याची मागची चाकं दबली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
साडेअकरा.
शेजारच्या बाईने घड्याळ पाहिलं. नाही हो, म्हणाली,
चार वाजून गेले.